जमुनाबाईंची दहा तारीख

बोईसरच्या बाजारपेठेतल्या त्या बँकेत ऐंशीच्या दशकात एक गोष्ट सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठ झाली होती. महिन्याच्या एक ते दहा तारखेपर्यंत बचत खात्याच्या खिडकीपाशी सुक्या बोंबलांचा वास येई. अकरा तारखेला तो बंद होई आणि थेट पुढच्या एक तारखेला परत येई. घिवलीच्या पासबुकांचा गठ्ठा शिपाई खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात मांडून ठेवी आणि मगच लेजरच्या टेबलावर नेई. हा सगळा प्रकार एका बाईने सुरू केला होता. तिचे नाव जमुना विश्राम पागधरे. गाव घिवली, शिक्षण चौथी पास, धंदा मासळीविक्री.

खाते उघडले ते जानेवारी १९८० मध्ये. जमुनाबाई तेव्हा तिशीच्या होत्या. रोज सकाळच्या एसटीने टोपली घेऊन बोईसरला यायचे, बाजाराच्या तोंडाशी गटाराच्या कडेला गोणपाट अंथरून बसायचे आणि दुपारी परतायचे, हा त्यांचा क्रम होता. पैसे तांदळाच्या डब्यात राहत. त्या डब्यात नवऱ्याचा हात जातो, एवढेच बँकेत जाण्याचे कारण होते. विश्राम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. माणूस सज्जन, पण खिशात पैसे असले की चार जणांना चहा पाजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

बँकेत वामन चुरी नावाचे कारकून होते. चिंचणीचे, घरची चिकूची वाडी, अक्षर मोत्यासारखे. त्यांनी खाते उघडून दिले, वर्षाला शेकडा पाच व्याज मिळेल असे सांगितले आणि जाता जाता एक सल्ला दिला, "पैसे दहाच्या आत भरत जा. दहानंतर भरले तर त्या महिन्याचे व्याज नाही."

जमुनाबाईंनी तो सल्ला तंतोतंत पाळला. दर महिन्याला दहाव्या दिवसाच्या आत शंभर रुपये भरले, पौर्णिमा उलटल्यावर घरखर्चाला साठ काढले. जूनअखेर व्याज जमा झाले. आकडा होता दोन रुपये पन्नास पैसे.

त्यांच्या हिशेबाने पाच रुपये व्हायला हवे होते. शंभराला महिन्याला बेचाळीस पैशांना थोडे कमी, हे त्यांनी बोटांवर काढले होते. पहिल्या महिन्याचे शंभर, दुसऱ्याचे एकशे चाळीस, तिसऱ्याचे एकशे ऐंशी असे सहा महिने मांडले की बरोबर पाच रुपये येत. जुलैत त्या चुरींसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, माजे अडीच रुपये कुठं गेले?"

"कुठे जाणार? व्याज लागलंय की बाई."

"पाचाच्या जागी अडीच लागलंय. अर्धी मासळी मांजरानं खाल्ली काय?"

चुरींनी लेजर काढले. प्रत्येक भरणा वीस ते सव्वीस तारखेच्या दरम्यान होता. "अहो, दहाच्या आत सांगितलं होतं ना?"

"आतच भरले. एक महिना चुकले नाय. दशमीच्या आत भरले."

चुरींनी लेजरातल्या तारखा पुन्हा पाहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आले. घिवलीत दिवस मोजतात ते तिथीने. होडी कधी काढायची, जाळे कधी टाकायचे, मासळी कधी भरपूर आणि कधी नाही, सगळे तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला जोर आणि जाळ्याला वजन. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी मंद आणि होड्या किनाऱ्यावर. महिना सुरू होतो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून महिन्याचा दहावा दिवस म्हणजे शुद्ध दशमी. त्या वर्षी ती दशमी इंग्रजी महिन्याच्या चोविसाव्या-पंचविसाव्या तारखेला पडत होती. बाईंनी सहा महिने अतिशय शिस्तीने चुकीच्या दिवशी पैसे भरले होते.

चुरी हसले. जमुनाबाई हसल्या नाहीत. "आता सगळा कायदा सांगा," त्या म्हणाल्या. "अर्धा नको."

कायदा सोपा होता, पण तो कोणी विचारत नसे. दहा तारखेला बँक बंद झाल्यापासून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात सर्वांत कमी रक्कम जी असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज. अकरा तारखेला हजार भरा, त्या महिन्यापुरते ते नसल्यासारखे. तीस तारखेला पाचशे काढा, ते महिनाभर नव्हतेच असे धरले जाणार.

जमुनाबाई म्हणाल्या, "म्हंजे एक ते दहा भरती-ओहोटी चालू दे. दहानंतर पानी सगल्यात खाली जिथं उतरंल, तिथं बँक खूण करते."

"अगदी तसंच," चुरी म्हणाले. एवढ्या कमी शब्दांत त्यांना स्वतःलाही तो नियम कधी सांगता आला नव्हता.

त्या दिवशी जमुनाबाईंनी बँकेचे भिंतीवरचे कॅलेंडर मागून घेतले आणि घरी तिथीच्या कॅलेंडरशेजारी टांगले. तिथून पुढे त्यांचा धंदा दोन कॅलेंडरांवर चालू लागला. मासळी तिथीने येणार, बँक तारखेने चालणार. दोन्हींचा मेळ घालणे एवढेच काम उरले. उधाण सहा-सात तारखेला आले, तर मिळालेला पैसा सरळ बँकेत. उधाण पंधरा तारखेला आले, तर त्या पैशाला या महिन्यात बँकेत काही काम नाही. मग त्या पैशातून जास्तीची मासळी विकत घेऊन खारवायची, वाळवायची आणि पुढच्या दहाच्या आत विकून पैसे भरायचे. खर्चाचे पैसे एक ते दहामध्येच काढायचे.

उधारीही त्यांनी याच चौकटीत बसवली. औद्योगिक वसाहतीतले कामगार महिन्याच्या बोलीवर मासळी नेत. बन्सी नावाचा उत्तर प्रदेशातला एक कामगार कायमचा गिऱ्हाईक होता आणि कायमचा लांबणीवर टाकणारा.

"मौसी, अगले हफ्ते दे दूँगा."

"सात को तेरा पगार. आठ को मेरेको पैसा. नौ को मैं बँक में."

"और ग्यारह को दिया तो?"

"तो बारा को तू भाजी खाना."

"मौसी, तुम मछली बेचती हो कि बैंक चलाती हो?"

"मछली बेचती. बँक चलाने को मॅनेजर हाय, पर उसको बोलना पडता."

डिसेंबरअखेर व्याज हिशेबाला पैशापर्यंत जुळले. जमुनाबाईंनी पासबुक विश्रामपुढे धरले. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "यात माजं नाव कुठं हाय?"

"तुजं होडीवर लिव."

"होडी माजी नाय."

"मग आधी होडी घे."

विश्रामने ही गोष्ट किनाऱ्यावर सगळ्यांना हसत हसत सांगितली. त्याच्या या बडबडीमुळेच घिवलीतल्या बायका जमुनाबाईंकडे येऊ लागल्या. पहिली आली शेजारची मंदा. दोन वर्षांत अकरा पासबुके झाली. नऊ तारखेला जमुनाबाई अकराही जणींचा भरणा एकाच पिशवीत घेऊन जात. प्रत्येकीची रक्कम वेगळ्या रंगाच्या चिंधीत बांधलेली असे आणि चिंधी कुणाची, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. नवीन येणारीला त्या पहिले वाक्य ऐकवीत, "दशमी नाय, तारीख." ती चूक त्यांनी कधी लपवली नाही. उलट अडीच रुपयांत शिकवणी स्वस्त पडली, असे म्हणत.

बोईसरच्या मासळीबाजारात तेव्हा चंद्रभान शेट यांचे वजन होते. ते मासळीचे घाऊक व्यापारी. घिवलीच्या बायका मे महिन्यात आपले सुके बोंबील आणि जवळा त्यांनाच देत, कारण पावसाळ्यात बाजारात बसायला छप्पर नव्हते. भिजलेली सुकी मासळी कोणी घेत नाही. शेट मे महिन्यात पडत्या भावाने माल उचलत आणि जुलैत दुपटीने विकत. यात लबाडी काही नव्हती. त्यांच्याकडे गोदाम होते, बायकांकडे गोणपाट होते.

एकदा बँकेत शेट आणि जमुनाबाई शेजारशेजारच्या खिडकीवर आले. शेटच्या हातात चेकबुक होते.

"काय जमना, आज किती? वीस का पंचवीस?"

"चाळीस. तुमच्या खात्याला व्याज किती हाय शेट?"

शेटनी चुरींकडे पाहिले. चुरी खाली बघत म्हणाले, "चालू खात्यावर व्याज नसतं."

"काईच नाय?"

"काहीच नाही."

"अगो बाय," जमुनाबाई म्हणाल्या. "एवढे पैसे, आनि उपाशी ठेवलेत?"

रांगेतली माणसे हसली. शेटही हसले, पण जरा उशिरा.

जून १९८३ मध्ये जमुनाबाईंच्या बचत खात्यात सव्वातीन हजार झाले. चुरींनी सुचवले की यातले तीन हजार तीन वर्षांच्या मुदतीने ठेवा, शेकडा दहा मिळेल. दोन जूनला ठेव पावती झाली. मुदत दोन जून १९८६, तेव्हा हातात पडणार चार हजार चौतीस रुपये. पावती घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मधे गरज पडली तर?"

"मोडू नका. मोडलीत तर व्याज कापतात. त्यापेक्षा पावती तारण ठेवून तिच्यावर उचल घ्या. ओव्हरड्राफ्ट म्हणतात. वेगळी फी नाही, आणि जितके दिवस पैसे वापराल तितक्याच दिवसांचं व्याज."

हे त्यांनी ध्यानात ठेवले. तीन वर्षे ते कामाला आले नाही.

मग आले ते ओटे. १९८६ च्या उन्हाळ्यात बाजारात सिमेंटचे दहा ओटे बांधून झाले. वर पत्र्याचे छप्पर, मागे नळ, पाणी जायला पन्हळ. मंगळवारी, तेरा मे रोजी संध्याकाळी पंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली: अनामत अडीच हजार रुपये रोख, उद्या दुपारी बारापर्यंत, जो आधी येईल त्याला. जमुनाबाईंना त्या दिवशी उशीर झाला होता; परतीच्या एसटीची वाट बघताना त्यांनी ती वाचली. बँक कधीच बंद झाली होती. बचत खात्यात त्या दिवशी तीनशे दहा रुपये होते. बाकी सगळे ठेवीत आणि घरातल्या सुक्या मासळीत अडकलेले, आणि ठेव सुटायला वीस दिवस.

ओटा मिळाला तर घरात पडलेले चार पोती बोंबील मे महिन्यात शेटना द्यावे लागणार नव्हते. छपराखाली बसून ते जुलैत स्वतःच्या भावाने विकता आले असते. त्या वर्षीच नव्हे, दर वर्षी. नाही मिळाला, तर गटाराची कड होतीच.

दुसऱ्या दिवशी भांग जवळ आला होता आणि विश्राम मोकळा होता. दोघे पहिल्या एसटीने निघाले. जमुनाबाईंनी त्याला पंचायतीच्या ऑफिसात पाठवले. "तिथं बस. कुनी काय म्हनलं तरी उठू नको. बाराच्या आत मी येते म्हनून सांग."

"आनि नाय आलीस तर?"

"तर बोलत रा. तुला ते येतं."

साडेदहाला बँक उघडली तेव्हा दारात त्या एकट्याच होत्या. चौदा तारीख. शिपायाने घड्याळाकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. चुरी खुर्चीतून अर्धवट उठले. "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

मॅनेजर नवे होते, पुण्याहून आलेले, माणूस सभ्य. त्यांनी बसायला सांगितले. जमुनाबाई बसल्या नाहीत. पावती टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हिच्यावर अडीच हजार उचल द्या."

"ओव्हरड्राफ्ट? तो व्यापाऱ्यांसाठी असतो हो."

"मी कोन मग? अकरा वर्सं मासळी इकते. मास्तरीन हाय काय?"

मॅनेजर जरा वरमले. "तसं नाही. पण एवढ्याशा रकमेसाठी कशाला ते सगळं? पावती मोडून देतो. पंधरा मिनिटांत पैसे हातात."

"मोडली तर किती, आनि उचल घेतली तर किती, ते लिवून दाखवा."

मॅनेजरनी कागद घेतला. मुदतीआधी मोडली तर तीन वर्षांचा दर मिळत नाही. झालेल्या काळाचा दर नऊ, त्यातून एक टक्का दंड, राहिले आठ. हाती येणार तीन हजार सातशे एकोणनव्वद. म्हणजे पूर्ण मुदतीपेक्षा दोनशे पंचेचाळीस रुपये कमी. मग दुसरा हिशेब. उचलीला ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे बारा. अडीच हजार, एकोणीस दिवस. पंधरा रुपये बासष्ट पैसे.

आकडे एकाखाली एक आले. मॅनेजरनी त्यांच्याकडे पाहिले, मग चुरींकडे. चुरी छताच्या पंख्याकडे बघत होते.

"साहेब," जमुनाबाई म्हणाल्या, "पैसा माजा, तिजोरी तुमची, पावती तुमच्या टेबलावर. मी पलून जाईन तर माजाच पैसा घेऊन जाईन."

मॅनेजर हसू लागले. अडचण आता एकच होती. त्या शाखेत एवढी लहान उचल कोणी मागितली नव्हती आणि छापील फॉर्म संपले होते. चुरींनी कोरा कागद ओढला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात अख्खा फॉर्म हाताने लिहून काढला. त्याला पस्तीस मिनिटे लागली. सुंदर लिहिण्याची ही वेळ नव्हे, हे जमुनाबाईंनी त्यांना दोनदा सांगितले. पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही झाली. पितळी टोकन मिळाले. कॅशियरने नोटा मोजल्या, जमुनाबाईंनी त्या पुन्हा मोजल्या. अकरा वाजून बेचाळीस मिनिटे.

पंचायतीत नऊ ओटे गेले होते. दहाव्यासाठी चंद्रभान शेटचा माणूस पैसे घेऊन आलेला होता; शेटना एक ओटा आधीच मिळाला होता आणि हा दुसरा त्यांच्या पुतण्याच्या नावावर हवा होता. सूचनेत 'जो आधी येईल त्याला' असे होते. विश्रामचे म्हणणे एवढेच होते की आधी तो आला आहे, ऑफिस उघडण्याच्याही आधी. पैसे मागाहून येत आहेत, पण येणारा माणूस हजर आहे.

"पैसे कुठे आहेत?" ग्रामसेवकांनी तिसऱ्यांदा विचारले.

"बँकेतून निघाले हायत. चालत येतायत. टोपली नाय डोक्यावर, म्हंजे बिगीनं येतील. तवर मी तुमाला सांगतो, गेल्या वर्षी घोल कशी गावली..."

घोल जाळ्यात शिरत होती तेवढ्यात जमुनाबाई दारात आल्या. बाराला आठ मिनिटे कमी होती. ग्रामसेवकांनी नोटा मोजल्या, पावती फाडली. ओटा क्रमांक दहा. छपराच्या कडेचा, नळाला सर्वांत जवळचा.

शेटचा माणूस म्हणाला, "विश्रामभाऊ, घोलीचं पुढं काय झालं?"

"सुटली," विश्राम म्हणाला.

दोन जूनला ठेव सुटली. बँकेने उचल वळती करून घेतली आणि व्याज लावले सोळा रुपये चव्वेचाळीस पैसे. जमुनाबाई पुन्हा मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. बँकेने नेण्याचा आणि आणण्याचा असे दोन्ही दिवस धरले होते. "पैसे नेले त्यो दिवस माजा. आज सकाळी उघडताच हिशेब केला, आजचा दिवस तुमचा." चुरींनी नियम काढून दाखवला. बाईंचे बरोबर होते. ब्याऐंशी पैसे परत झाले. राहिलेले पंधराशे अठरा रुपये त्यांनी तिथेच बचत खात्यात भरले. दोन तारीख होती. जून महिन्याचे व्याज पूर्ण लागणार होते.

ओट्यावर बसण्याच्या पहिल्या दिवशी मात्र त्या तासभर बसल्याच नाहीत. तो तीनदा धुतला, बोंबलांच्या जुड्या मांडल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा मांडल्या. मंदा म्हणाली, "अगो, चढ आता वर, गिऱ्हाइकं तुला खाली शोधतील." अकरा वर्षे जमिनीवर बसून विकलेल्या बाईला गिऱ्हाइकाशी बरोबरीच्या उंचीवरून बोलायला थोडा वेळ लागला. फार नाही. दुपारपर्यंत त्या सवयीने भाव सांगत होत्या.

जुलैच्या झडीत छपराखाली चार पोती बोंबील मेच्या दुपटीने गेले. बन्सीने आठ तारखेला पैसे आणून दिले आणि विचारले, "मौसी, ऊपर बैठ के ब्याज बढ़ा क्या?"

"ब्याज वही हाय. पर अब उसको पानी नहीं लगता."

ऑगस्टमध्ये चंद्रभान शेट ओट्यापाशी आले. मासळी बघितल्यासारखे केले, भाव विचारला, घेतली नाही. मग म्हणाले, "जमना, आमच्या मंडळींचं बचत खातं काढायचं आहे. बँकेत ओळखीची सही लागते म्हणतात. जुन्या खातेदाराची."

"तुमी हाय की जुने खातेदार."

"चुरी म्हणाले, घरच्यांची चालत नाही. आणि म्हणाले, या बाबतीत तुम्हाला विचारा."

जमुनाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि ओटा मंदाच्या हवाली केला. बँकेत शेटच्या पत्नी चंद्रकांताबाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. 'ओळख देणाऱ्याची सही' या रेघेवर जमुनाबाईंनी सावकाश, पूर्ण नाव लिहिले. मग पासबुक होईपर्यंत त्या चंद्रकांताबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या.

"वयनी, एक ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "दहाच्या आत. दशमी नाय, तारीख."

"दशमी कोण धरेल?" चंद्रकांताबाईंनी विचारले.

खिडकीमागून चुरींना हसू आवरले नाही.